सहा निघालं, सहा घाल

महामार्गावरच्या एका चकचकीत सर्व्हिस सेंटरच्या मालकानं मला फसवलं. दुसऱ्याच्या गाडीतलं दोन लिटर काळं ऑईल त्यानं माझ्या गाडीतलं म्हणून दाखवलं आणि त्यात माझं इंजिन गेलं. यापुढे जे लिहिणार आहे त्यात माझ्याही चुका येतील. त्या लपवणार नाही. पण हे पहिलं वाक्य बदलणार नाही.

मी जुन्या मशिनींचा धंदा करतो. गडहिंग्लजकडच्या एका खेड्यातून एसटीनं कोल्हापुरात आलो तेव्हा हातात फक्त एक पाना होता, तोही मामाचा. नव्वद सालानंतर बंद पडलेल्या कारखान्यांतले लेथ आणि ड्रिल मशिनी मी उचलायला लागलो. उद्यमनगरात भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुरुस्त करायच्या आणि विकायच्या. समोरच्यानं किंमत सांगितली की ती ऐकूच आली नाही असा चेहरा करायचा, हे मला कुणी शिकवलं नाही. एकच गोष्ट ठेच लागून शिकलो. सुरुवातीला एक लेथ रात्रभर ट्रान्सपोर्टच्या आवारात ठेवला, तर सकाळी त्याची चांगली मोटर जाऊन तिथं जळकी मोटर बसलेली. तेव्हापासून माल नजरेआड ठेवायचा नाही, हा माझा नियम. बायकोच्या मते हा नियम नाही, रोग आहे.

दोन हजार तीन-चारच्या सुमाराला मी पुण्याच्या एका बिल्डरच्या मुलाकडून परदेशी स्पोर्ट्स कार घेतली. लाल, दोन दारांची, दोनच माणसांची, आणि इतकी बुटकी की शेजारी म्हैस उभी राहिली तर गाडी दिसायची नाही. तीन महिने घासाघीस केली. आयुष्यात मी विकत घेतलेली प्रत्येक वस्तू पुढे कितीला जाईल याचा हिशोब मनात धरूनच घेतली होती. ही एकच विकायची नव्हती. पहाटे शिरोलीपासून महामार्गाला लागायचं आणि तिचा आवाज ऐकत जायचं, एवढ्यासाठीच घेतली. बायकोनं गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "अहो, ह्यात बसायचं कसं ते कळलं. उठायचं कसं?" पुढे पाच-सहा महिने ती त्या गाडीत बसली नाही.

मग ऑईल बदलायची वेळ आली.

ज्याच्याकडे साधी गाडी आहे त्याला हा प्रश्नच कळणार नाही. साध्या गाडीचं ऑईल बदलायचं म्हणजे गॅरेजमधल्या खड्ड्यावर गाडी उभी करायची, खालचा नट उघडायचा, काळं ऑईल गळू द्यायचं, नट लावायचा, वरून नवं ओतायचं. पण माझी गाडी खड्ड्यावर चढायलाच तयार नव्हती.

माझा मिस्त्री उद्यमनगरातला. माझ्या पहिल्या टेम्पोपासून त्याचाच हात. आमच्याच सीमाभागातला, कानडी घरातला, वयानं माझ्याहून मोठा, तरी मला अण्णा म्हणायचा. त्यानं गाडी आधी लांबून पाहिली, मग उकिडवा बसून पाहिली, मग जमिनीला गाल टेकून पाहिली.

"अण्णा, ही गाडी न्हवं, घोरपड हाय," तो म्हणाला. "पोट भुईला लावून चालतीया."

"घोरपड असू दे न्हाईतर मगर. ऑईल बदलतोस का न्हाई?"

"बदलतो की. पर माझ्या पद्धतीनं."

त्याची पद्धत अशी. सुताराकडून जाड फळ्या उताराच्या करून घ्यायच्या, त्यांवरून गाडी हळूहळू खड्ड्यावर न्यायची. इंजिन गरम करायचं, म्हणजे ऑईल पातळ होतं. पोटाखालचा पत्रा काढायचा, त्याला वीसेक स्क्रू. मग खालचा नट उघडायचा आणि गाडी रात्रभर तशीच सोडायची. "तळाचा गाळ खालनंच जातोय," तो म्हणाला. "शेवटचा थेंब पडूस्तोवर नट लावायचा न्हाई."

म्हणजे गाडी रात्रभर त्याच्याकडे, आणि मी घरी. मी म्हटलं, "दोन तासांत कर. मी हितंच बसतो." तो म्हणाला, "बसा की. पर ऑईलला तुमची घाई कळत न्हाई." मी फळ्यांचीही वाट पाहिली नाही. त्याच्या खड्ड्याच्या कडेला जुन्या दोन लोखंडी पट्ट्या होत्या, त्यांवरूनच गाडी घालायला लावली. तो नको म्हणत होता. गाडीचा समोरचा खालचा ओठ पट्टीला घासला आणि हातभर लांब ओरखडा उठला. मी चार गाडीवाल्यांसमोर त्याच्यावर ओरडलो, पट्ट्या वाकड्या, खड्डा वाकडा आणि मिस्त्रीही वाकडा. त्यानं हातातलं फडकं खांद्यावर टाकलं.

"न्या तुमची घोरपड," तो म्हणाला. "डोकं थंड झाल्यावर या. इंजिन थंड झालं तरी चालंल."

माझं डोकं आठ दिवस थंड झालं नाही. शेडमध्ये पाच टनाची चेन पुली होती. पट्टे घालून गाडीच वर उचलावी आणि आपणच खाली शिरावं, असं ठरवून मी पट्टेसुद्धा काढले. बायको जेवणाचा डबा घेऊन आली होती. ती म्हणाली, "लेथ आहे का ती? खाली पडली तर तुम्हाला बाहेर काढायला मी कुणाला बोलवू? मिस्त्रीशी तर भांडून आलाय." पट्टे परत खुंटीला गेले.

त्याच आठवड्यात त्या नव्या सर्व्हिस सेंटरची जाहिरात पेपरात आली. खालचा नट न उघडता, गाडी न उचलता, पंधरा मिनिटांत मशीननं ऑईल ओढून काढणार, तेही तुमच्या डोळ्यांसमोर. हे शेवटचे शब्द माझ्यासाठीच लिहिल्यासारखे होते.

डोळ्यांसमोर म्हणजे काय, ते कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको. आमच्याकडे संध्याकाळी गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशी येतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात, आणि फेसासकट दुधाचा ग्लास हातात येतो. पिशवीतल्या दुधावर माझा कधी विश्वास बसला नाही. कासेतून निघताना दिसतं तेच दूध. मग ऑईलही तसंच का नको? मिस्त्रीकडे अंधाऱ्या खड्ड्यात काय गळतं आणि किती गळतं, कुणाला दिसतं?

शनिवारी मी गाडी घेऊन गेलो. बाजारात जायचं म्हणून बायको रिक्षानं मागून आली, कारण त्या गाडीत ती अजून बसत नव्हती. मालक तिशी-पस्तिशीचा, पांढरा शर्ट, बोलणं अगदी धुतलेलं. त्यानं मशीन दाखवलं. चाकांवरचा लोखंडी सांगाडा, त्यात उभी काचेची बरणी, बरणीवर लिटरच्या खुणा, आणि वरून निघालेली बारीक पारदर्शक नळी. इंजिनातलं ऑईल मोजायची जी काठी असते, गेज म्हणतात तिला, ती बाहेर काढायची. तिच्या भोकातून नळी थेट तळापर्यंत सोडायची आणि हवेच्या जोरानं ऑईल बरणीत ओढायचं. माझ्या गाडीचा फिल्टरही वरच्याच बाजूला होता, त्यामुळे खाली जायचं कामच नाही.

"थेंबन् थेंब निघतं सर," तो म्हणाला.

"गाळ?"

"गाळ वगैरे जुन्या काळात होता सर. आजच्या ऑईलमध्ये गाळ नसतो."

मी गाडीचं पुस्तक उघडून दाखवलं. सहा लिटर. "सहा निघालं तर सांगशील ते पैसे," मी म्हटलं. "एक वाटी जरी कमी निघालं तरी काम फुकट करायचं. हाय कबूल?"

त्यानं पुस्तक मिटून मला परत दिलं. मग हसला आणि म्हणाला, "कबूल. तुम्ही तोवर मॅडमबरोबर चहा घ्या, इंजिन थोडं गरम करतो." चहाला मी गेलो नाही, बायको गेली, काचेच्या केबिनमध्ये. मी गाडीपाशीच उभा राहिलो आणि त्या सौद्यावर खूश होतो. घासाघीस करून मी त्याला कोपऱ्यात घेतलं, असं मला वाटत होतं.

मशीन चालवणारा कामगार चाळिशीचा, गप्प माणूस होता. मालकानं त्याला बाजूला घेऊन दोन शब्द सांगितले. मग त्यानं नळी आत सोडली, कॉक फिरवला, आणि नळीतून काळं ऑईल सळसळत वर चढायला लागलं. मी त्या नळीवरून नजर काढली नाही. एकदा मध्येच फुर्र झालं, हवा आली, त्यानं नळी थोडी फिरवली, पुन्हा थोडं ऑईल आलं. मग पुन्हा हवा. त्यानं कॉक बंद केला. बरणीकडे पाहिलं तर सहाच्या खुणेला अगदी टेकलेलं.

ठरल्याप्रमाणे मी मान्य केलं. माणूस म्हणून मी भांडखोर आहे, पण सौद्याला पक्का आहे.

नवं ऑईल मी स्वतः मुंबईहून मागवलेलं. एकेक लिटरचे सहा सीलबंद डबे. सील मी फोडायचं, त्यानं ओतायचं. चार डबे गेले. त्यानं थांबून गेज बुडवून पाहिलं, पुसून पुन्हा बुडवलं.

"साहेब, थांबा. फुल्ल दाखवतंय."

"चार डब्यांत?"

"व्हय. बघा की."

मी पाहिलं. तेल वरच्या खुणेला होतं. पण नुकतं ओतलेलं ऑईल भोकाच्या कडेला चिकटून गेज खोटं दाखवतं, हे मला माहीत होतं, आणि तसं होतंही. शिवाय दोन डबे उरले होते. परदेशी ऑईलचे, सीलबंद. ते कुणाच्या कपाटात जाणार, हे मला लख्ख दिसायला लागलं.

"सहा निघालं का न्हाई?" मी विचारलं.

"निघालं," तो म्हणाला. पण बरणीकडे बघत म्हणाला, माझ्याकडे नाही.

"मग सहा घाल."

"साहेब, जास्त हुईल. जरा थांबून परत बघूया."

माझा पारा चढला. "सहा निघालं, सहा घाल. दोन डबे काय तुझ्या पावण्यांना द्यायचे हायेत?" सगळं सेंटर वळून बघायला लागलं. मालक केबिनच्या दारात आला, काच धरून उभा राहिला. कामगारानं त्याच्याकडे पाहिलं. मालक काहीच बोलला नाही. कामगारानं उरलेले दोन डबे ओतले.

त्या संध्याकाळी मी इतका खूश होतो की बायकोही नरमली. दुसऱ्या दिवशी रविवारी राधानगरीच्या धरणापर्यंत जाऊन येऊ म्हणाली. ती पहिल्यांदाच त्या गाडीत बसली. पदर सावरत, एक पाय आत, एक बाहेर, मग दोन्ही आत. "खाटेखाली शिरल्यासारखं वाटतंय," म्हणाली, पण शहर सुटल्यावर तिनं काच खाली केली. दोन्ही बाजूंना ऊस होता. एकदा तर तीच म्हणाली, "जरा पळवा की."

मी पळवली.

भोगावतीच्या पुढे तिनं आरशात पाहिलं. "अहो, मागं कुणी गुऱ्हाळ लावलंय का?"

मागं पांढरा-निळा धूर पसरला होता, गुऱ्हाळाच्या धुराड्यासारखाच. मी म्हटलं, कुणीतरी पाचट पेटवलं असेल. ती म्हणाली, "पाचट आपल्या मागं मागं पळत येतंय होय?" तरीही मी थांबलो नाही. नवं ऑईल आहे, सुरुवातीला असतो धूर, असं काहीतरी बोललो. आणखी चार-पाच मैल गेलो असेन. ऑईलचा लाल दिवा लुकलुकला, मग लागून राहिला, आणि ज्या आवाजासाठी मी ती गाडी घेतली होती त्या आवाजात खडखड मिसळली. मी गाडी कडेला घेतली. खाली वाकून पाहिलं तर पोटाच्या पत्र्यावरून ऑईल गळत होतं.

दुधाचे कॅन घेऊन एक सायकलवाला थांबला. "पावणं, ढकलायची काय?" मग त्यानं गाडीची उंची पाहिली. "का उचलून न्यायची?"

गाडी एका ट्रकच्या हौद्यात घालून आणली. आम्ही दोघं ड्रायव्हरच्या शेजारी. शहरात शिरताना बायको एवढंच म्हणाली, "मिस्त्रीकडंच घ्या." घेतली.

मिस्त्रीनं मागचं काही काढलं नाही. फळ्या आणल्या. मला नंतर कळलं, त्या त्यानं मी भांडून गेल्यावरही सुताराकडून करून घेतल्या होत्या. गाडी खड्ड्यावर गेली, पत्रा निघाला, खालचा नट उघडला. यावेळी मी खड्ड्यात उतरून उभा राहिलो. काळपट ऑईल फेसाळून पडत होतं, ताकासारखं घुसळलेलं. मिस्त्रीनं ते लिटरच्या मापानं मोजलं. सात, आणि वर थोडं.

"सहाच्या इंजिनात सात," तो म्हणाला. "आनि जळालं, गळालं ते येगळंच. आठ व्हतं, अण्णा. जास्त ऑईल झालं, आतल्या दांड्यानं घुसळलं, फेस झाला. फेसानं बेरिंगं ऱ्हात न्हाईत."

"पर सहा निघालेलं मी बघितलं. माझ्या डोळ्यांनी."

"निघताना बघितलं का निघाल्यावर बघितलं?"

"नळीतनं येताना बघितलं. बरणीत बघितलं."

"बरणी आधी रिकामी व्हती का?"

त्या खड्ड्यातच मला कट्टा आठवला. वीस वर्षं मी कट्ट्यावर दूध घेतो. धार सुरू व्हायच्या आधी गवळ्याला सांगतो, भांडं पालथं कर. तळाशी आधीच पाणी घालून ठेवायची खोड कुणालाही असू शकते. गवळी ओळखीचा असला तरी पालथं करायला लावतो, तोही न सांगता करतो, आमची रीतच आहे ती. आणि जी बरणी काळ्या ऑईलनं आतून माखलेली, जिचा खालचा भाग सांगाड्याच्या पत्र्यामागे झाकलेला, ती मी पाहिलीसुद्धा नाही. मी धार बघत राहिलो.

बेरिंगं गेली होती, आतल्या त्या दांड्यावर, म्हणजे क्रँकवर, चरे पडले होते, मागचं सील फुटलं होतं. सुटे भाग परदेशातून यायला सात महिने लागले. एक भाग आलाच नाही, तो उद्यमनगरात माझ्याच एका जुन्या लेथवर करून घेतला. गाडी चालू झाली. पण तो आवाज परत आला नाही. दीड वर्षानं, जी वस्तू विकायची नव्हती ती मी विकली, आणि समोरच्यानं पहिली किंमत सांगितली तिलाच हो म्हणालो. घासाघीस करायची इच्छाच झाली नाही.

मालकाकडे मी गेलो होतो. एकदा नाही, चार वेळा. पहिल्यांदा तो म्हणाला, बरणी रिकामीच होती. दुसऱ्यांदा म्हणाला, कामगाराची चूक, त्याला काढून टाकलंय. तिसऱ्यांदा म्हणाला, "सर, तुम्हीच ओरडून घालायला लावलंत. सगळ्यांनी ऐकलंय." चौथ्यांदा बायको बरोबर होती. ती घरी आल्यावर म्हणाली, "तो माणूस थांबा म्हणत होता तुम्हाला. मी चहा पीत ऐकत होते." मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. ती खरं बोलत होती.

त्या कामगाराला मी शोधलं. शाहूवाडी तालुक्यातल्या त्याच्या गावाजवळ, रस्त्याकडेला पंक्चर काढत होता. मला बघून उठून उभा राहिला. मारायला आलोय असं त्याला वाटलं असावं. मी त्याच्या टायरवर बसलो आणि विचारलं.

"आदल्या गाडीचं व्हतं बरणीत," तो म्हणाला. "दोन लिटरच्या आसपास. मी ते वतून टाकायला निघालतो. मालक म्हनला, असू दे. ह्यो पावणा सहा मागतोय. मशीन चारच्या वर वढत न्हाई, वाकड्या तळाला नळी पोचत न्हाई, हे मालकास्नी ठावं व्हतं."

"मग मला सांगायचं न्हाईस?"

"थांबा म्हनलो की, साहेब. दोनदा म्हनलो. आनि सांगून नोकरी घालवू काय? तशी बी गेलीच."

त्याच्यावर माझा राग नाही. त्यानं मला थांबवायचा जेवढा प्रयत्न केला तेवढा त्याच्या पोटाला परवडत होता. मिस्त्रीवरही नाही; त्याची पद्धत बरोबर होती, आणि मी ती घेतली नाही कारण मला एक रात्र धीर धरवला नाही. दोन डब्यांच्या लोभाचा संशय मी एका भल्या माणसावर घेतला, हे माझं. गेज समोर धरलं असताना मी ते खोटं ठरवलं, हेही माझं. धूर दिसूनही गाडी पळवली, तेही माझंच. ही सगळी माझी बाजू मी इथं लिहून मोकळा झालो आहे.

आता त्या मालकानं बोलावं. पैसे परत नकोत, इंजिन नको, माफीही नको. तुमचं सेंटर आता मोठं झालं आहे, जाता-येता पाटी दिसते. मला फक्त एक सांगा. मी ओरडत होतो तेव्हा त्या बरणीत काय आहे हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं. गेज फुल्ल दाखवतंय हे तुम्ही ऐकलं, ते का फुल्ल दाखवतंय हे तिथं नक्की ठाऊक असलेले तुम्ही आणि तो गरीब माणूस, दोघंच. त्यानं तुमच्याकडे पाहिलं. दोन डबे ओतायला दोन मिनिटं लागली. त्या दोन मिनिटांत तुम्ही केबिनची काच धरून गप्प का उभे राहिलात? एका फुकटच्या कामाची भीती होती, की आणखी काही होतं? याचं उत्तर तुम्हीच द्यायचं आहे, आणि तुमच्या माणसाच्या नावावर न ढकलता द्यायचं आहे.